कुत्र्याच्या हिरडीतला मेद

कुत्रा गुरगुरतो तेव्हा त्याचा वरचा ओठ मागे सरकतो आणि आपली नजर सुळ्यांवर खिळते. सुळा ज्या हिरडीतून वर आलेला असतो, तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. जनावरांचे डॉक्टर मात्र आधी हिरडी पाहतात. ती गुलाबी आहे, फिकट आहे की पिवळसर, हे पाहून झाले की ते अंगठ्याने ती दाबून सोडतात आणि पांढरा पडलेला ठिपका पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजतात. निरोगी कुत्र्यात हा वेळ 2 सेकंदांपेक्षा कमी असतो. रक्त कमी झाले, कावीळ झाली, गोचिडांमुळे ताप आला, की हिरडी ते आधी सांगते.

प्रस्तुत लेखाचा विषय याच हिरडीतला मेद हा आहे. विषय ऐकून कुणी हसेल, हे मान्य आहे. मराठीत ‘चरबी’ हा शब्द फारशा बऱ्या अर्थाने येत नाही. कुणाला चरबी चढते, मग कुणीतरी ती उतरवतो. चरबी म्हणजे साठलेले, नको असलेले, अंगावर लोंबणारे काहीतरी, अशीच आपली समजूत असते. त्या अर्थाची चरबी हिरडीत जवळजवळ नसतेच. गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या त्वचेखाली एक सैलसर थर असतो आणि त्यात चरबीच्या पेशी सापडतात. दाताभोवतीची घट्ट हिरडी मात्र थेट हाडाला चिकटलेली असते. तिच्याखाली तसा थर नसतो. म्हणून तर ती चिमटीत धरून हलवता येत नाही.

तरीही त्या हिरडीचा अगदी छोटा तुकडा घेऊन योग्य द्रावणात घोळवला, तर त्यातून मेद निघतोच. साठवणीची चरबी नाही आणि मेद तर आहे. मग हा मेद कुठला आणि तो तिथे काय करतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण पेशीच्या रचनेपर्यंत जातो, तिथून कुत्र्याच्या झिजलेल्या जबड्यापर्यंत आणि शेवटी आपल्या स्वतःच्या तोंडापर्यंत येतो. पहिला धडाही योगायोगाने कुत्र्याकडूनच मिळालेला आहे.

परातीत पसरलेले रक्त

1925 साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे एव्हर्ट गॉर्टर हे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी फ्रँस्वा ग्रेंडेल यांनी एक साधा प्रयोग केला. माणूस, कुत्रा, ससा, मेंढी, शेळी, गिनीपिग अशा प्राण्यांचे रक्त त्यांनी घेतले. त्यातल्या तांबड्या पेशींमधला सगळा मेद ॲसिटोनने बाहेर काढला आणि तो परातीसारख्या उथळ भांड्यातल्या पाण्यावर पसरू दिला. पाण्यावर पडलेला तेलाचा थेंब पसरत पसरत एका रेणूएवढा पातळ होतो, हे तोवर माहीत झाले होते. त्या पातळ थराचे क्षेत्रफळ त्यांनी मोजले आणि ज्या पेशींमधून तो मेद काढला होता त्यांच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळही काढले. पहिला आकडा दुसऱ्याच्या दुप्पट निघाला. कुत्रा असो, माणूस असो की शेळी, प्रमाण तेच.

याचा अर्थ एकच होता. प्रत्येक पेशीभोवती मेदाचे एक पातळ पटल असते आणि ते दुपदरी असते. पुढे चाळीसेक वर्षांनी हा प्रयोग पुन्हा तपासला गेला, तेव्हा त्यात दोन चुका झाल्याचे कळले. ॲसिटोनने सगळा मेद निघाला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी मोजले गेले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना छेद दिला आणि उत्तर बरोबर आले. विज्ञानात असेही घडते. निष्कर्ष मात्र टिकला. हिरडीतला मेद तो हाच. तो साठवणीचा नाही, बांधणीचा आहे. हिरडी लक्षावधी पेशींची बनलेली असते आणि त्यातली प्रत्येक पेशी मेदाच्या दुपदरी वेष्टनात बसलेली असते.

हा मेद नेमका कोणता, हे कळायला आणखी काही साधने यावी लागली. 1952 मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी वायूच्या प्रवाहात मेदाम्ले एकमेकांपासून वेगळी करण्याची पद्धत दाखवली. 1957 मध्ये जॉर्डी फोल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफॉर्मचे दोन भाग आणि मेथॅनॉलचा एक भाग यांच्या मिश्रणाने ऊतींमधला मेद जवळजवळ पूर्ण काढून घेण्याची कृती प्रसिद्ध केली. ती मुळात मेंदूसाठी होती, पण पुढे यकृतापासून हिरडीपर्यंत सगळीकडे तीच वापरली गेली. या साधनांनी हिरडीसारख्या ऊतीकडे पाहिले, की तीन मुख्य घटक दिसतात: पेशींच्या पटलातली फॉस्फोलिपिडे, त्या पटलाला आवश्यक तेवढा ताठपणा देणारे कोलेस्टेरॉल, आणि वरच्या थरांत पेशींच्या मधल्या फटी बुजवणारी सेरामाइडसारखी द्रव्ये.

चिरेबंदी आणि तिच्यातली फट

तिसऱ्या घटकाचे काम समजायला चिरेबंदी वाडा डोळ्यांसमोर आणावा. हिरडीच्या बाहेरच्या बाजूला पेशींचे थरावर थर असतात. सर्वांत वरच्या पेशी चपट्या, कडक आणि निर्जीव होत आलेल्या असतात. हे झाले चिरे. त्यांच्या खालच्या थरातल्या पेशी आपल्या पोटात मेदाचे बारीक कण तयार करतात आणि वर सरकताना ते पेशींच्या मधल्या जागेत ओततात. हा झाला चुना. या चुन्यामुळे पाणी, विषारी द्रव्ये आणि जिवाणूंचा मैला सहज आत झिरपत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात क्रिस्टोफर स्क्वायर आणि फिलिप वर्ट्झ यांनी यावर अनेक वर्षे काम केले. त्यांचा बराचसा अभ्यास डुकराच्या तोंडावर झाला. त्यातून दिसले ते असे: हिरडी आणि टाळू यांच्या कडक थरात त्वचेसारखी सेरामाइडे असतात, गालाच्या आतल्या मऊ भागात ती फारच थोडी असतात आणि तिथे दुसऱ्या जातीचा मेद जास्त असतो. म्हणून मऊ भाग अधिक झिरपतो. जिभेखाली ठेवलेली गोळी लवकर लागू पडते ती याच कारणाने. कुत्र्याच्या हिरडीची बाहेरची बाजूही अशीच कडक थराची असते.

चिरेबंदीला एक फट असते. हिरडी जिथे दाताला चिकटते, त्या सांध्यावर कडक थर नाही. तिथल्या पेशी मऊ, विरळ बसलेल्या आणि भराभर बदलणाऱ्या असतात. त्यांच्यामधून एक पातळ द्रव सतत बाहेर पाझरतो आणि त्याबरोबर पांढऱ्या पेशीही येतात. ही फट म्हणजे निसर्गाची हयगय नव्हे. शरीरात दात हा एकच अवयव असा आहे, की ज्याचे एक टोक हाडात आणि दुसरे उघड्या जगात असते. त्याच्याभोवती कायमची मोहोर लावता येत नाही. म्हणून तिथे पहारा बसवला आहे. सगळी लढाई याच जागी होते, आणि तिथे मेदाचे दुसरे रूप दिसते.

भिंतीतला दारूगोळा

पेशीच्या पटलातल्या प्रत्येक फॉस्फोलिपिडाला मेदाम्लांच्या दोन शेपट्या असतात. त्यांपैकी एका जागी पुष्कळदा अ‍ॅराकिडोनिक आम्ल बसलेले असते. त्यात 20 कार्बन आणि 4 दुहेरी बंध असतात. ते लिनोलेइक आम्लापासून बनते, ज्यात 18 कार्बन आणि 2 दुहेरी बंध असतात. लिनोलेइक आम्ल शरीराला तयार करता येत नाही, ते अन्नातूनच यावे लागते, हे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने 1929 आणि 1930 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांनी दाखवले. मेदाविना वाढवलेल्या उंदरांची त्वचा खवलेदार झाली, त्यांची वाढ खुंटली; लिनोलेइक आम्ल देताच ते सावरले. कुत्रा लिनोलेइकपासून अ‍ॅराकिडोनिक बनवू शकतो. मांजराला ते पुरेसे जमत नाही. तिला ते मांसातूनच घ्यावे लागते. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असली, तरी दोघांच्या पेशींतल्या मेदाचा उगम असा वेगळा असतो.

जोवर अ‍ॅराकिडोनिक आम्ल पटलात बसलेले आहे, तोवर ते भिंतीचा दगड आहे. पेशीला धोक्याची खूण मिळाली, की एक विकर ते भिंतीतून उपटून मोकळे करते. मग दुसरे विकर त्याचे प्रोस्टाग्लँडिन बनवते. हे नाव स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी 1930 च्या दशकात दिले. हे द्रव्य प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते, असे त्यांना वाटले होते. ते अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून बनते, हे 1964 मध्ये स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये स्वतंत्रपणे सिद्ध झाले. 1971 मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले, की ॲस्पिरिन नेमकी हीच पायरी अडवते. व्हेन, स्यून बेरिस्त्रोम आणि बेंग्ट सॅम्युएल्सन यांना 1982 चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामाबद्दल.

धोक्याची खूण देणाराही बऱ्याचदा एक मेदच असतो, ही यातली विलक्षण गोष्ट आहे. दातावर साचणाऱ्या थरातल्या अनेक जिवाणूंच्या बाहेरच्या पटलात एक विषारी द्रव्य असते. त्याचा जो भाग आपल्या पेशींना झोंबतो, तो मेदाचा असतो. शरीर त्याला कोणत्या दारातून ओळखते, हे ब्रूस ब्यूटलर यांच्या 1998 मधल्या संशोधनाने स्पष्ट झाले आणि 2011 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. माणसाच्या हिरडीत पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणू बदनाम आहे. कुत्र्याच्या तोंडात त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा पॉर्फिरोमोनास ग्यूली असतो. थोडक्यात, जिवाणूच्या मेदाने इशारा दिला, की हिरडीचा मेद पेट घेतो.

प्रोस्टाग्लँडिनमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, हिरडी लाल होते, सुजते. इथवर ठीक आहे. कुमक येण्यासाठी रस्ता मोकळा करावाच लागतो. पण 1970 मध्ये क्लाइन आणि रेझ यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या हाडाच्या तुकड्यांवर प्रोस्टाग्लँडिन टाकले, तेव्हा हाड विरघळू लागले. 1974 मध्ये रोगट मानवी हिरड्यांत हे द्रव्य वाढलेले असल्याचे गुडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले. दाह लांबला, की दाताला धरून ठेवणारे हाड मागे सरकत जाते. पायोरिया म्हणतात तो हाच. दात किडत नाही. त्याच्या पायाखालची जमीन सरकते.

बीगलचे ऋण

हे सगळे परीक्षानळीत कळले, पण जिवंत तोंडात असेच घडते का? माणसावर थोडा प्रयोग झाला होता. 1965 मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हूस इथे हाराल्ड ल्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 निरोगी माणसांना दात घासणे बंद करायला सांगितले. साधारण दहा दिवस ते तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागताच बऱ्या झाल्या. पण हाड झिजेपर्यंत माणसाला थांबवून ठेवणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. तिथे कुत्रा आला, विशेषतः बीगल. तो आकाराने मध्यम, स्वभावाने सोशिक, आणि त्याला हिरड्यांचा हा रोग आपल्यासारखाच, आपणहून होतो.

1975 मध्ये स्वीडनच्या यान लिंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीगल कुत्र्यांवरचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाचे दात रोज घासले जात होते; दुसऱ्या गटाला मऊ अन्न देऊन दातांवर थर साचू दिला होता. पहिल्या गटाच्या हिरड्या चार वर्षे निरोगी राहिल्या. दुसऱ्या गटात आधी हिरड्या सुजल्या आणि पुढे बहुतेक कुत्र्यांचे हाड झिजले. दहा वर्षांनी, 1985 मध्ये, अमेरिकेत रे विल्यम्स, मार्जोरी जेफकोट, पॉल गोल्डहेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपणहून हा रोग झालेल्या बीगलना फ्लुरबिप्रोफेन हे प्रोस्टाग्लँडिन रोखणारे औषध दिले. हाडाची झीज लक्षणीय मंदावली. दारूगोळ्याची बनावट थांबवली, की पडझड कमी होते, हे जिवंत जबड्यात दिसले. 1989 मध्ये माणसांमध्येही तसाच परिणाम आढळला. अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेत राहणे धोक्याचे असल्यामुळे हा नेहमीचा उपचार झाला नाही. पण रोगाचे कोडे त्याने उलगडले.

आज दंतवैद्याच्या खुर्चीवर बसून आपण जे ऐकतो, त्यातला बराच भाग अशा कुत्र्यांनी शिकवलेला आहे. जबड्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात अशा अभ्यासांचा शेवट त्या जनावराच्या जिवावर होतो. हे ऋण कोरड्या आभारांनी फिटणारे नाही. निदान त्यातून जे कळले, ते आपल्या दारातल्या कुत्र्याच्या वाट्याला तरी यावे.

विझवणारा मेद

या कथेला एक उत्तरार्ध आहे. दाह आपोआप विझतो, असे पूर्वी समजत. 1984 मध्ये चार्ल्स सर्हान, हाम्बर्ग आणि सॅम्युएल्सन यांना अ‍ॅराकिडोनिक आम्लापासूनच बनणारी लिपॉक्सिन नावाची द्रव्ये सापडली. ती पुढे दाह आवरणारी ठरली. 2000 च्या सुमारास सर्हान यांनी माशांच्या तेलातल्या ओमेगा-3 मेदाम्लांपासून बनणारी रिझॉल्व्हिने शोधली. आग विझवण्याचे कामही पेशीला मुद्दाम करावे लागते आणि त्यासाठीचे पाणीसुद्धा मेदातूनच येते, असे त्यातून दिसले. बॉस्टनमध्ये सशांच्या हिरड्यांवर अशा द्रव्याने हाडाची झीज थांबवता आली.

मग खाण्यातून हिरडीतला मेद बदलता येईल का? काही प्रमाणात, हो. पेशींचे पटल अन्नातल्या मेदाचा ठसा घेते आणि हिरडीच्या पेशी भराभर बदलतात. आपल्याकडच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर, तीन चतुर्थांशाच्या आसपास असते. जवसात ओमेगा-3 असते, पण ते आखूड जातीचे. त्यापासून माशांत असते तसे लांब मेदाम्ल कुत्र्याला फार थोडे बनवता येते. तारली-बांगड्यात ते आयतेच मिळते. पण इथे एक खबरदारी घ्यायला हवी. तेल बदलल्याने दाताला चिकटलेला थर निघत नाही. ठिणगी पडतच राहिली, तर दारू कमी-जास्त ओली असून काय उपयोग? बीगलच्या चार वर्षांनी दिलेला धडा तेलाचा नव्हे, ब्रशाचा होता.

ओठ वर करून पाहावे

प्रौढ कुत्र्यांत सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांत हिरड्यांचा आजार अग्रभागी आहे. कुत्र्याला 42 दात असतात. आपल्यापेक्षा 10 जास्त. त्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा अल्कधर्मी असते. त्यामुळे त्याचे दात क्वचितच किडतात, पण थराचे किटण लवकर बनते. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींच्या इवल्याशा जबड्यात दातांची दाटी झालेली असते आणि तिथे हा त्रास अधिक. पोळी आणि दूध यांच्या मऊ काल्याने दात घासले जात नाहीत. कडक हाड दिले की दात साफ होतात, ही समजूत अर्धवट खरी आहे; त्याच हाडाने दाढेची कपचीही उडते.

कुत्रा दुखणे सांगत नाही. हिरडीतून पू येत असला तरी तो खातो, कारण खाणे थांबवणे त्याच्या स्वभावात नाही. तोंडाला वास येतो तेव्हा घरचे म्हणतात, वय झाले, कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच. तो वास वयाचा नसतो. तो जळणाऱ्या हिरडीचा असतो.

उपाय साधे आहेत. कुत्र्यासाठीच बनवलेली पेस्ट आणि मऊ ब्रश घेऊन रोज दातांची बाहेरची बाजू घासावी. लहानपणापासून सवय लावली, तर बहुतेक कुत्री ते करू देतात. माणसाची पेस्ट वापरू नये. तिच्यात झायलिटॉल असेल, तर ते कुत्र्याला विषासारखे बाधते. किटण घट्ट बसले असेल, तर भूल देऊन ते डॉक्टरांकडून काढून घ्यावे. आणि दुखतेय म्हणून आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळी त्याला कधीही देऊ नये. जे प्रोस्टाग्लँडिन हिरडीचे हाड झिजवते, तेच त्याच्या जठराचे अस्तर सांभाळते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखते. आयब्युप्रोफेनसारखी गोळी एका जागची आग विझवताना दुसरीकडची भिंत पाडते. त्यातून कुत्र्यांच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होतात. त्याच्यासाठी वेगळी औषधे असतात. ती डॉक्टरांनीच द्यावीत.

शंभर वर्षांपूर्वी लायडनच्या परातीत कुत्र्याच्या रक्तातला मेद पाण्यावर पसरला, तेव्हा पेशीची भिंत कशाची आहे ते कळले. त्याच भिंतीतून हाड झिजवणारे आणि हाड वाचवणारे, दोन्ही द्रव्ये बनतात, हे पुढे बीगल आणि सशांवरच्या प्रयोगांनी दाखवले. आता आपल्या पायाशी झोपलेल्या कुत्र्याचा ओठ हलकेच वर करून पाहायला हरकत नाही. दाताच्या कडेने हिरडी फिकट गुलाबी आणि घट्ट असेल, तर ठीक. तिथे लाल रेघ दिसली, तर उद्यावर टाकू नये.